मधलं तोंड

१

थोरलीला एक घाणेरडी सवय होती. कापलेला कागदाचा तुकडा चित्रावर कुठे शोभेल हे बघायचं असलं, की ती तो आधी जिभेवर ठेवायची. पाठीमागून चांगला ओला करायचा, बोर्डवर टेकवायचा, मागे सरून डोळे बारीक करून बघायचं. नाही पटलं तर नखाने उचलायचा, पुन्हा जिभेवर, पुन्हा दुसरीकडे. थुंकीने चिकटलेला कागद हवा तेव्हा सुटतो, खळीने चिकटलेला सुटत नाही, एवढं साधं तिचं म्हणणं. टाचण्या होत्या, चिकटपट्टी होती, धाकटीने मुद्दाम स्पंज आणून दिला होता. तो खिडकीत वाळून कडक झाला.

दोघी सख्ख्या बहिणी, आणि चित्रकारांच्या जगात त्यांना थोरली-धाकटी असंच म्हणत. जुन्या मासिकांतल्या जाहिराती कापायच्या आणि त्यांतून भिंतीएवढी भडक चित्रं करायची, हा त्यांचा धंदा. कात्री आणि खळ हे थोरलीचं खातं, स्कॅनर आणि संगणक हे धाकटीचं. थोरलीने कापलेला तुकडा धाकटी स्कॅन करून मोठा करायची, त्याचे रंग पिळून काढायची, मोठ्या यंत्रावर छापायची, आणि मग दोन्ही एकाच बोर्डवर जायचं. हॉटेलवाले आणि बँकवाले ती चित्रं हौसेने घेत. धंदा बरा चालला होता.

त्यांची जागा म्हणजे पूर्वीचं चपलांचं दुकान. छतापर्यंत फळ्या होत्या आणि फळ्यांवर रिकामे खोके होते. खोक्यांवर थोरलीने मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, डोळे, हात, केस, मोटारी, तोंडं. गिऱ्हाइकांना पायातली चप्पल दिसावी म्हणून भिंतीला खाली तिरके आरसे होते, ते मालकाने काढलेच नाहीत. त्यात फक्त पावलं आणि फरशी दिसायची. सुरुवातीला चमत्कारिक वाटलं, मग त्याची सवय झाली.

थुंकीची सवय मात्र धाकटीला आयुष्यात झाली नाही. आई कामावर लवकर जायची, त्यामुळे लहानपणी धाकटीची शाळेची तयारी थोरलीकडे. ओठांवर दूध राहिलं, गालाला काजळ लागलं, की थोरली अंगठा जिभेवर फिरवायची आणि खसाखसा पुसायची. त्या थुंकीचा वास दुपारपर्यंत गालावर राहायचा. धाकटी तोंड फिरवायची, रडायची, साबणाने धुवायची. तेव्हापासून थोरली तिला ‘सोवळे’ म्हणायची, आणि आता धाकटीचे केस पिकायला लागले तरी म्हणत होती.

थोरलीचं लग्न झालं नव्हतं, ती धाकटीकडेच राहायची. तिच्या तोंडाचा पट्टा सकाळी दात घासतानाच सुरू व्हायचा. शेजारणीचं मांजर, चढलेले भाव, कोणाची सून कोणाशी भांडली, सगळं. पुढचा एक दात लहानपणी कात्रीचं पातं दाताने सोडवताना तुटला होता, तो ठणकायचा, म्हणून गालात सदा एक लवंग. लवंग सांभाळत बोलायची, पण बोलायची. धाकटी काम करताना कानाला हेडफोन लावायची, पण गाणं कधीच लावायची नाही. आई गेल्यानंतर घराला घरपण त्या बडबडीनेच राहिलं होतं. हे तिने कुणाला सांगितलं नसतं, थोरलीला तर मुळीच नाही.

२

नवं चित्र एका कलादालनासाठी होतं. भिंतभर एक भलंथोरलं हसू, आणि ते शेकडो हसऱ्या तोंडांचं बनलेलं. तोंडांचा खोका उपडा केल्यावर टेबलावर जो ढीग झाला तो बघून धाकटीने खुर्ची मागे सरकवली. शीतपेयाची तोंडं, साबणाची तोंडं, विम्याची तोंडं. नाक नाही, डोळे नाहीत, नुसते दात आणि ओठ. थोरलीने मजेत त्यात हात घातला आणि धान्य निवडावं तशी निवडायला बसली.

मधोमध बसवायला तिने एका जुन्या टूथपेस्टच्या जाहिरातीतलं बाईचं तोंड काढलं. लाल ओठ, किंचित उघडे, आत पांढरेशुभ्र दात. पाठीमागे मासिकाचं दुसरं पान, घड्याळाची जाहिरात, त्यातल्या तुटक ओळी. ‘पाच वर्षांची हमी’ एवढं त्यातलं वाचता यायचं.

हे मधलं तोंड काही केल्या जमेना. थोरली ते जिभेवर घ्यायची, लावायची, उचलायची, कडेने जरासं कातरायची, पुन्हा जिभेवर. रोज कडा बदलायची म्हणून धाकटीला रोज नवं स्कॅन करावं लागायचं. बाकी तोंडं एकदा लागली की लागली. याच्याशी मात्र थोरलीची सकाळ-संध्याकाळ झटापट.

एके सकाळी धाकटीने स्कॅनरचं झाकण उचललं आणि काचेवर डाग दिसला. आदल्या दिवशी ती काच पुसून गेली होती, रोजच पुसायची. ओठांच्या आकाराचा, तेलकट, मध्ये ओलसर. तिने नाक जवळ नेलं. लवंगेचा वास आला, आणि त्याखाली सकाळच्या न धुतलेल्या तोंडाचा. तिने काच दोनदा स्पिरिटने पुसली, फडकं चिमटीत धरून कचऱ्यात टाकलं आणि हात कोपरापर्यंत धुतले.

“ताई, थुंकी वाळल्याशिवाय तुकडा माझ्या काचेवर ठेवू नकोस. शिसारी येते मला.”

“अगं सोवळे, माझी थुंकी म्हणजे अमृत आहे. तुला अर्धी तीच पाजून वाढवलंय,” थोरली म्हणाली आणि आपल्याच विनोदावर खळखळून हसली. मग शेजारणीच्या मांजराने काय केलं ते सांगायला लागली.

धाकटीने स्कॅन मोठं करून पडद्यावर लावलं. छापलेलं कुठलंही चित्र मोठं केलं की त्याचे ठिपके होतात. निळे, लाल, पिवळे, काळे, ओळीने मांडलेले. लांबून तोंड, जवळून नुसते ठिपके. या दोघींचं नाव झालं तेच मुळी ते ठिपके बशीएवढे मोठे करून छापण्यामुळे. ठिपक्यांच्या बाबतीत धाकटीला कुणी फसवू शकलं नसतं.

या तोंडाच्या डाव्या कोपऱ्यात ठिपके नव्हते. तिने आणखी मोठं केलं. ठिपके कोपऱ्याजवळ विरळ होत गेले होते आणि पुढे संपलेच होते. तिथे बारीक उभ्या रेघा होत्या, ओठांना असतात तशा. एका ठिकाणी कातडीचा पापुद्रा सुटलेला होता.

थुंकीने शाई विरघळली, दुसरं काय. कागदाचे तंतू दिसतात, ते रेघांसारखे वाटतात. असं तिने स्वतःला समजावलं, आणि ते पटण्यासारखं होतं.

३

पुढच्या काही दिवसांत थोरलीचं बोलणं कमी झालं. एकदम नाही. आधी गोष्टी अर्धवट सुटायला लागल्या. मांजर भिंतीवर चढलं इथपर्यंत यायची आणि पुढे नुसतीच हसायची. मग ‘हो’, ‘नाही’, ‘बघू’. धाकटीचा नवरा जेवताना म्हणाला, घरात इतकी शांतता कधीपासून झाली, मला आपलंच चावणं ऐकू येतंय. त्याने ते गमतीत म्हटलं होतं. थोरलीने त्याच्याकडे बघून छान स्मित केलं, आणि तिचं ताट होतं तसं मागे गेलं.

दुकानात तिचा चहा टेबलावर पडून राहायचा. वर साय धरायची, सायीला सुरकुत्या पडायच्या, संध्याकाळी धाकटी तो मोरीत ओतायची तेव्हा ती साय कपाच्या कडेला लोंबायची. असे कपामागून कप. थोरली मात्र दिसायला उलट बरी दिसत होती. ओठ लालचुटुक, चकचकीत. या वयात लिपस्टिक लावायला लागलीस का, असं धाकटीने विचारलं, तर ती मान डोलावून हसली. हसताना तिचे दात कधीच इतके एकसारखे दिसले नव्हते, पण तुटका दात लपवायला हसण्याची काहीतरी नवी तऱ्हा काढली असेल, असं धाकटीला वाटलं.

खोली मात्र घाण वासाने भरत चालली होती. खळ आंबली असेल म्हणून धाकटीने पातेलं ओतून घासून काढलं. वास गेला नाही. तो पातेल्याचा नव्हताच. मधल्या तोंडाजवळ गेलं की यायचा, थांबून थांबून. यायचा, जायचा. यायचा, जायचा. कोणी झोपलेलं माणूस तोंड उघडं टाकून घोरत असावं तसा.

त्या आठवड्यात तिने पहिल्यापासूनची सगळी स्कॅन पडद्यावर शेजारी शेजारी मांडली. खरं तर तिला कडा किती कातरली ते बघायचं होतं. पहिल्या चित्रात सगळीकडे ठिपके. दुसऱ्यात कोपरा गेलेला. मग खालचा ओठ. मग वरचा. शेवटच्या चित्रात शोधूनही ठिपका सापडेना. ओठांवर भेगा होत्या, भेगांत लाळ वाळून पांढरी झाली होती, हिरड्या काळपट होत्या. आणि पुढचा एक दात तुटलेला होता.

टूथपेस्टवाले तुटक्या दाताचं तोंड छापतील का? धाकटीने कचऱ्याच्या पोत्यात हात घालून जाहिरातीचं मूळ पान शोधून काढलं. बाईचा चेहरा, तोंडाच्या जागी भोक, खाली ओळ, ‘दिवसभर ताजं, दिवसभर हसरं.’ मग तिने भिंग घेतलं आणि बोर्डकडे गेली, पण मधल्या तोंडाच्या हातभर अंतरावर तिचे पाय थांबले. तोंड ओलं होतं. थोरली सकाळपासून खिडकीत बसली होती, आज तिने ते जिभेवर घेतलंच नव्हतं.

४

“ताई, बोल काहीतरी,” धाकटी म्हणाली. “मला शिव्या दे, पण बोल. चल, डॉक्टरकडे जाऊ.”

थोरलीने मान हलवली. डोळे मात्र भरून आले होते. तिने धाकटीचा हात धरला, घट्ट, आणि ओठ न हलवता म्हणाली, “दिवसभर ताजं.”

आवाज गोड होता. धाकटीने हात सोडवून घेतला, आणि लगेच तिला स्वतःची लाज वाटली, म्हणून पुन्हा धरला. थोरली काहीतरी सांगायला धडपडत होती, गळ्याच्या शिरा ताणल्या जात होत्या, आणि वर चेहऱ्यावर ते हसू जसंच्या तसं.

एवढ्यात कलादालनाच्या बाई आल्या. या बाईंना सगळंच आवडायचं, पण आज त्या खरोखरच हरखल्या. मधलं तोंड तर आत्ता बोलेल असं वाटतं, म्हणाल्या. उद्या सकाळी टेम्पो येईल, आजच वॉर्निशचा हात मारून ठेवा, एकदा वॉर्निश बसलं की शंभर वर्षं काही होत नाही. बोलता बोलता त्यांनी बोट पुढे करून मधल्या तोंडाला लावलं आणि झटकन मागे घेतलं. पर्समधून रुमाल काढून बोट पुसलं, पुन्हा पुसलं.

“खळ ओली आहे अजून,” त्या म्हणाल्या.

त्यांच्या बोटाला लागली ती खळ नव्हती. मधल्या तोंडाला खळ अजून लावलेलीच नव्हती, आणि हे धाकटीला माहीत होतं. बाई गेल्या. रुमाल मात्र त्यांनी दाराबाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला, हे काचेतून दिसलं.

आता यात वेड्यासारखं घाबरण्यासारखं काय आहे, असं कोणी म्हणेल. धाकटीही तेच म्हणत होती. माणूस आजारी पडतं, आवाज बसतो, कागदाला दमट हवा लागते. ती एकेक कारण शोधून ठेवत होती, आणि एकही टिकत नव्हतं. कारणांनी दात तुटत नाही.

५

दुपारी ती बाहेर जाऊन औषधाच्या दुकानातून घसा धुवायचं काहीतरी घेऊन आली. दार उघडलं तर वॉर्निशचा वास नाकात शिरला. थोरलीने मधल्या तोंडाला खळ लावून ते पक्कं बसवून टाकलं होतं, आणि गुडघ्यांवर बसून खालच्या ओळीपासून वॉर्निश मारत वर येत होती. ब्रश शांतपणे डावीकडून उजवीकडे जायचा, उजवीकडून डावीकडे यायचा. हाताला घाई नव्हती. डोळ्यांतून मात्र धारा लागल्या होत्या.

धाकटीच्या हातातून बाटलीचं झाकण निसटून घरंगळत गेलं. ते उचलायला ती वाकली, आणि खालच्या तिरक्या आरशात तिला थोरलीचा चेहरा दिसला. त्या आरशात चेहरे कधी दिसत नसत.

ओठांवर ठिपके होते. लाल, पिवळे, ओळीने. भिंगाशिवाय दिसत होते.

थोरलीला धाप लागली होती, तिने तोंड उघडलं. आत जीभ नव्हती, अंधारसुद्धा नव्हता. करडा कागद होता, ओलसर, मधोमध घडी पडलेला, आणि त्यावर काळी अक्षरं. आरशात उलटी दिसणारी. छपाईच्या कामामुळे धाकटीला उलटी अक्षरं वाचता यायची, तिला ती वाचायची नव्हती. ‘हमी’ एवढं तिने वाचलं आणि मान वर केली.

“ताई, थांब. ब्रश खाली ठेव.”

थोरली हसली आणि ब्रश पुढच्या ओळीवर गेला. मधल्या तोंडापासून तो आता वीतभर खाली होता. धाकटीने तिचं मनगट धरलं. थोरलीच्या हातात एवढी ताकद कधीच नव्हती.

मग बोर्डवरून आवाज आला. बारीक, घोगरा, खळीत अडकलेला.

“सोवळे.”

६

धाकटीने ब्रश हिसकावला, वॉर्निशचा डबा लाथेने उडवला, बोर्डवर शिंतोडे उडाले, आणि तिने मधल्या तोंडाला हात घातला. नखाने कड उचलायला गेली तर कडेला लाल थेंब आला. मागे थोरली नाकातून कण्हली. धाकटीने नख काढलं. स्पंज आठवला, तो पाण्यात भिजवून तोंडावर दाबला, तर ते ओठ गोगलगायीसारखे आत आक्रसले आणि बोर्डला आणखी घट्ट धरून बसले. पाणी खाली ओघळलं, त्यात लाळेच्या तारा होत्या.

पाण्याने सुटणार नव्हतं. हे तोंड आजवर सुटलं होतं ते एकाच गोष्टीने, आणि ती गोष्ट काय हे धाकटीला कोणी सांगायची गरज नव्हती.

किळस म्हणजे काय हे ज्याला त्याला आपापलं माहीत असतं. धाकटीला दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी चालत नसे, नवऱ्याचा उष्टा चमचा चालत नसे. तिने डोळे मिटले नाहीत, कारण मिटले असते तर ती पळून गेली असती. बोर्डला दोन्ही हात टेकून तिने जीभ बाहेर काढली आणि त्या ओठांच्या कडेवरून फिरवली. आंबट खळ. वॉर्निश. शिळी लाळ, चिकट आणि कोमट. घशातून वर आलेलं तिने परत गिळलं आणि पुन्हा जीभ फिरवली. त्या सगळ्या घाणीच्या तळाशी लवंग होती. ती लागली तेव्हा तिच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि मग तिने मागेपुढे बघितलं नाही. कड सुटली, फुगली. आतून दुसऱ्या एका जिभेचं टोक तिच्या जिभेला लागलं, आणि सगळंच्या सगळं तिच्या तोंडात आलं. मांसल, ऊन, हलणारं.

थोरली तुकडा न्यायची तसा तिने तो जिभेवर धरून नेला. थोरलीचा चेहरा दोन्ही हातांत पकडला आणि आपलं तोंड तिच्या तोंडावर दाबलं. ओठांखाली कागद चुरगळल्याचा आवाज झाला. काहीतरी तिकडे गेलं. काहीतरी इकडे आलं, पातळ आणि गुळगुळीत, आणि टाळूला लागलं.

धाकटी कोपऱ्यातल्या बेसिनवर जाऊन ओकली. ओकारी लालभडक होती. त्यात कागद होता का हे तिने बघितलं नाही. बघायला हवं होतं. पण कोणालाही झालं असतं तसंच तिला झालं, नळ पूर्ण सोडला आणि तोंड दुसरीकडे केलं.

“शी गं,” मागून थोरली म्हणाली. आवाज तिचाच होता, घोगरा, तुटक्या दातातून हवा सुटणारा. “केवढी घाण केलीस. आता पुसणार कोण, तुझा नवरा?”

धाकटी फरशीवर बसली आणि पोट धरून रडली.

७

चित्र गेलं. मध्ये रिकामी जागा ठेवूनच गेलं, आणि कलादालनाच्या बाईंना ती रिकामी जागाच सगळ्यात जास्त आवडली. थोरली पूर्वीसारखी जेवायला लागली, पूर्वीपेक्षा जास्तच. दात घासतानाच तिचा पट्टा सुरू व्हायचा. मांजराची गोष्ट एकदाची पुरी झाली, मग त्या मांजराला पिल्लं झाली त्याची सुरू झाली. झाल्या प्रकाराबद्दल दोघी बोलल्या नाहीत. काय बोलायचं?

धाकटीने हेडफोन ड्रॉवरमध्ये टाकून दिले. ती काम करत ऐकत राहायची. नवरा म्हणाला, हल्ली तू सारखी हसत असतेस, बरं वाटतं. तिलाही त्यात नवल वाटलं नाही. बहीण परत मिळाली होती, माणूस हसेल नाहीतर काय करेल. चहा बेचव लागायचा, पण वॉर्निश जिभेला लागलं की तोंडाची चव जाते असं तिने धरलं. मग जेवणही बेचव लागायला लागलं. मग पाणी प्यायला ती टाळायला लागली, का ते तिला सांगता आलं नसतं. पाणी ओठांना लागलं की ओठ फुगल्यासारखे व्हायचे.

एके दिवशी सकाळी ऊन चांगलं आलं होतं. थोरली खिडकीत कात्री चालवत होती आणि पिल्लांपैकी काळं कोणाकडे दिलं ते सांगत होती. धाकटीने चहाचा कप तोंडाला लावला आणि खाली ठेवला. तिला जिभेच्या टोकाला ओठांच्या डाव्या कोपऱ्यात काहीतरी जाणवलं. एक कड, बारीक, धारदार. जिभेने ढकलली तर ती हलली. तिच्या चहावर साय धरत होती.

“इकडे बघ,” थोरली बोलता बोलता थांबली.

धाकटीने तिच्याकडे बघितलं. तिला म्हणायचं होतं, ताई, माझ्याकडे बघ, मला काहीतरी झालंय. गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, डोळ्यांत पाणी होतं. तोंड हसत होतं.

थोरली उठून जवळ आली. तिने डोळे बारीक केले, चित्राकडे बघताना करायची तसे.

“हलू नकोस. कोपरा उचललाय तुझा.”

तिने अंगठा जिभेवर फिरवला, चांगला ओला केला, आणि धाकटीच्या ओठांच्या कोपऱ्यावर दाबून धरला. लवंगेचा वास आला. धाकटीने आयुष्यभर तोंड फिरवलं होतं, आज तिला ते फिरवता आलं नाही.

“हं, बसलं आता,” थोरली म्हणाली, आणि मांजराची राहिलेली गोष्ट पुढे सांगत खिडकीकडे गेली.